परातीतलं मुसळ

पोलादपूर, जि. कुलाबा
२८ ऑक्टोबर १९६५

चि. सयाजी,

आईचा हात तुझ्या डोक्यावर आहेच, तेव्हा आशीर्वाद लिहिण्यात जागा घालवत नाही. आंतर्देशीय पत्र केवढंसं आणि सांगायचं पुष्कळ.

दिवाळी पार पडली. लढाईमुळे या वर्षी आळीत पणत्या बेताच्याच होत्या. करंज्या करणार नव्हते, पण तुझ्या सगुणासाठी केल्या. तिला नववा लागला. बिचारीला आई नाही म्हणून पाचाडला माहेरी धाडली नाही, बाळंतपण इथेच करायचं हे आपलं ठरलेलंच आहे. दादा कशेडी घाटात दरडीच्या कामावर मुकादम, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटे जातात. बाकीचे दिवस घरात मी, सगुणा आणि साळूआत्या. दादांना, तुझ्या वडिलांना, कडेवर घेऊन वाढवलेल्या या आत्यापुढे दादाच तोंड उघडत नाहीत, तर मी काय उघडणार.

आता मुख्य गोष्ट. काल पंचांग चाळताना दिसलं की येत्या अमावास्येला, २३ नोव्हेंबर, मंगळवारी सकाळी सूर्यग्रहण आहे. आपल्याकडे दिसणारं, आणि वृश्चिकेत. सगुणाची रास वृश्चिक. मी पंचांग मिटलं आणि पुन्हा उघडून पाहिलं, तरी तेच. धोंडूबाई सुईण वरच्या वाडीवरून खाली आली होती, ती पोट चाचपून म्हणाली, "मार्गशीर्ष लागता लागता सुटंल." अमावास्येनंतर दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्ष लागतो.

तू आभाळाचंच काम करतोस म्हणून विचारते. पंचांगात देतात तसं हे ग्रहण खरोखर दिसणार का? आणि त्या दिवशी तू स्वतः वर बघायचं नाही. नोकरी असली तरी नाही.

दुसरं विचारायचं राहून जातं. तुमची कचेरी चर्चमध्ये आहे असं तू दादांना सांगितलंस. दुसऱ्याच्या देवघरात बसून तुम्ही अग्निबाण जोडता, हे मला रात्री आठवतं आणि बरं वाटत नाही. त्यांना विचारून घेतलंय ना?

सोमवारी संध्याकाळी तिथे जेवण सोडता की नाही? आमच्याकडे सरकारने सांगायच्या आधीपासून सोडतो.

तुझी आई


थुंबा, त्रिवेंद्रम
४ नोव्हेंबर १९६५

ती. आईस,

सयाजीचा नमस्कार. तुझं पत्र वाळूत बसून वाचलं. इथे खोलीत तिघे राहतो, म्हणून खाजगी वाचायचं ते समुद्रावर.

ग्रहण खरं आहे. पंचांग आणि आमचं गणित या बाबतीत भांडत नाहीत. उत्तरेकडे सूर्य बांगडीसारखा दिसेल, आपल्याकडे लचका तोडल्यासारखा. चंद्र मधे येतो, सावली पडते, चंद्र पुढे जातो. सूर्यालाच काही होत नाही, तर पोलादपूरच्या बाईला काय होणार? सगुणाला त्या दिवशी अंधारात कोंडू नका. तहान लागली तर पाणी द्या. आत्यांना हे तू सांगू शकणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून दुसरा मार्ग सुचवतो. तिला आधीच महाडच्या दवाखान्यात ने. तिथे नर्स आहे, डॉक्टर आहे. मला रजा नाही. त्या आठवड्यात कामही आहे आणि ग्रहणाच्या दिवशी आम्ही तिघे जवळच्या शाळेत मुलांना ग्रहण दाखवणार आहोत.

वर कुणीच बघणार नाही, काळजी नको. पुठ्ठ्याला एक भोक पाडायचं, सूर्याकडे पाठ करायची आणि भोकातून येणारं ऊन भिंतीवर पाडायचं. भोक वाकडं असो की तिकोनी, भिंतीवर पडतो तो सूर्याचाच आकार. ग्रहण लागलं की भिंतीवरचा सूर्यही खाल्लेला दिसतो. सगुणालाही हे लिहिलंय. पहिलाच जाहीर कार्यक्रम आणि मल्याळम मला भाकरी मागण्यापुरतंही येत नाही, तेव्हा मी नुसता पुठ्ठा धरून उभा राहणार.

चर्च त्यांनी विचारून, आपखुशीने दिलं. मी तरी आत जाताना चपला दाराशी काढतो. बरोबरचे हसतात. माझं काम घड्याळाचं. अग्निबाण सुटायच्या आधी उलटे आकडे मोजायचे, सुटला की वेळ लिहायची. परवा त्याचं टोक सायकलच्या कॅरियरला बांधून मीच शेडपर्यंत नेलं. तू पाहिलं असतंस तर दोरी नीट आवळलीस का म्हणून विचारलं असतंस. आवळली होती.

महाडचं मनावर घे.

सयाजी


पोलादपूर
११ नोव्हेंबर १९६५

चि. सयाजी,

तुझं पत्र मिळालं. महाडचं मनावर घेतलं. सोमवारी एकटीच एस.टी.ने जाऊन दवाखान्यात विचारून आले. नर्स बाई चांगली वाटली. म्हणाली, "तारीख डिसेंबरात दिसते. कळा लागल्या की घेऊन या, आधी आणून ठेवायला खाट नाही." कळा लागल्यावर एस.टी.ची वाट पाहत उभं राहायचं की काय, हे मी तिला विचारलं नाही. तिच्यामागे दहा बायका उभ्या होत्या.

परत आले तर आत्या ओसरीतच बसलेल्या.

"कुठं गेलीवतीस?"

"महाडला. देवीला."

"देवीच्या हातात सुई असती का गो हल्ली?"

त्यांना कोण सांगतं देव जाणे. मग म्हणाल्या, "पोटुशी बाई या दिवसांत नदी वलांडनार नाय. ग्रान सुटूंदे, मंग काय त्यो दवाखाना घाल." विषय संपला.

तर ठरलं ते असं. धोंडूबाई रविवारपासून इथेच मुक्कामाला येईल. सोमवारी संध्याकाळी वेध लागतात. सोमवारची रात्र नाहीतरी उपाशी, म्हणजे या खेपेला देव आणि सरकार यांचं एकमत झालं. मधल्या खोलीच्या झरोक्याला आत्यांनी आत्तापासूनच फळी ठोकून घेतली आहे. ग्रहणाचा उजेड आत यायला नको. विळी, कोयता, कात्री, सगळं धारेचं त्या आपल्या पेटीत घालून कुलूप लावणार. आणि परातीत पाणी घालून मुसळ उभं करणार. ग्रहण लागलं की मुसळ पाण्यात आपोआप उभं राहतं, सुटलं की पडतं, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. मुसळ उभं असेतो घरात पातं लावायचं नाही, शिवायचं नाही, चिरायचं नाही.

आणि तू पुठ्ठ्याला भोकं पाडायला सांगतोस, तेही पोटुशी सून घरात असताना. तुला मी काय खाऊ घालून वाढवलं याचा विचार करते आहे.

पण तुझं एक ऐकलं. नाळेसाठी नवं पातं आणून उकळून फडक्यात बांधलं आहे. तेही पेटीत जाईल. वेळ आली तर आत्या काढून देतीलच.

सगुणाच्या पायांना थोडी सूज आहे. बाकी ठीक. घरात आंबेमोहोराचे तांदूळ संपत आले, तेवढे तिच्यासाठी ठेवून आम्ही वरीवर आहोत. मला वरीच आवडते.

आई


थुंबा
१७ नोव्हेंबर १९६५

ती. आई,

घाईत लिहितो. पायांच्या सुजेचं तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढच्या ओळीत तांदूळ. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सूज वाढली, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर एक तासही घरी ठेवू नका. दादांना घाटातून बोलावून घे. ट्रक रोज जातात, ड्रायव्हरच्या हाती निरोप दे. आत्या रागावतील तर रागावू दे, मी येऊन त्यांचे पाय धरीन. पत्र मिळताच निघ.

सयाजी


पोलादपूर
२४ नोव्हेंबर १९६५

चि. सयाजी,

आधी तेच लिहिते. मुलगी झाली. काल मंगळवारी सकाळी. दोघी जिवंत आहेत.

तुझं १७ तारखेचं पत्र आज दुपारी हातात पडलं. काल पडलं असतं तरी उपयोग नव्हता. परवा रात्री वेध लागल्यावर सगुणा भिंतीला टेकून बसली ती बसलीच. काही होतंय का विचारलं की "नाय" म्हणायची. पहाटे धोंडूबाईने हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. दादांना निरोप पाठवला, पण घाटात ट्रक आडवा पडून रस्ता बंद होता. दादा संध्याकाळी चालत आले.

तू डॉक्टरांचं लिहिलंस तसं काही डोकं दुखलं नाही. त्रास वेगळाच निघाला.

सूर्य वर आला आणि थोड्या वेळाने ग्रहण लागलं. बाहेर माणूस नाही, पाखरू नाही, ऊन आजाऱ्यासारखं. आत्या माजघराच्या दाराशी पेटीवर बसल्या, पुढ्यात परात, परातीत मुसळ उभं. डोळे मिटून माळ ओढत होत्या. आत मी आणि धोंडूबाई. फळी ठोकलेली, दार ओढलेलं. धोंडूबाईने चिमणी लावू दिली तेवढी.

डोकं बाहेर आलं आणि पुढे काही येईना. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता, दोनदा. धोंडूबाईने बोट घालून पाहिलं, सुटेना. पोरीचं तोंड निळं होत चाललं. मी म्हटलं, काप. ती म्हणाली, "ग्रानात पातं लावू? म्या माझ्या हातानं तुजा वंस तोडू? मुसळ पडूंदे." मी दारातून ओरडले, "आत्या, पेटी उघडा, पातं द्या." आत्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "मुसळ पडूंदे."

मग मुसळ पडलं. परातीचा आवाज झाला, पाणी आत्यांच्या लुगड्यावर उडालं. आत्यांनी लगेच किल्ली काढली. धोंडूबाईने नाळ कापली, पोर बाहेर आली. बराच वेळ रडली नाही. पाय धरून पाठीवर मारलं तेव्हा रडली.

आज दुसरा दिवस. अंगावर नीट ओढत नाही. बोंडल्याने थेंब थेंब चाललंय. उजव्या कानाच्या पाळीला थोडी खाच आहे. आत्या म्हणाल्या, "ग्रानानं चावली." धोंडूबाई म्हणाली, "तुमच्याबी कानाला हाय तशीच." आत्यांनी कान चाचपून पाहिला.

तार केली नाही. तारेत हे सगळं मावलं नसतं, आणि नुसतं 'मुलगी, खुशाल' लिहायला माझा हात झाला नाही.

एक विचारायचं आहे. तुम्ही तिथे वेळा लिहिता. ग्रहण नेमकं केव्हा सुटलं? तुमच्याकडचं नको, आपल्याकडचं. सवडीने नको, लवकर कळव. आणि बाळाचं नाव तू सुचव, बारसं सव्वा महिन्याने करू.

आई


पोलादपूर
६ डिसेंबर १९६५

पायांवर डोकं ठेवून लिहिते.

माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, चौथीपर्यंतचं. चुका पोटात घाला. सासूबाई नदीवर धुणं घेऊन गेल्या आहेत, तेवढ्यात लिहिते.

पोर आता बरी आहे. परवापासून नीट ओढायला लागली आणि रात्रभर मला झोपू देत नाही. धोंडूबाई वाडीवर परत गेली. जाताना म्हणाली, बापासारखीच हाय, तोबी असाच लाथा मारायचा.

काळजी पोरीची नाही, सासूबाईंची आहे. तुमची तार आली, मग पत्र आलं, सगळं आनंदाचं. त्यांनी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यात नव्हतं. त्यांनी पत्र दोनदा उलटून पाठीमागे पाहिलं. सोयर फिटलं तरी त्या देवघरात जात नाहीत. दिवा आत्यासायबा लावतात. एक वेळच जेवतात. आणि पोरीला हात लावत नाहीत. पाळण्याची दोरी लांबून ओढतात, अंगडी शिवतात, बोंडलं उकळतात, पण उचलत नाहीत. काल पोर रडून लाल झाली तर मला ओरडून बोलावलं, मी मोरीत होते. पाळण्याशीच उभ्या होत्या, हात मागे घेऊन.

मला ठाऊक आहे का ते. त्या दिवशी झरोक्याच्या फळीत गाठीचं भोक होतं, हरभऱ्याएवढं. अंधार केला म्हणून त्यातूनच ऊन समोरच्या भिंतीवर पडलं. तुम्ही लिहिलं होतं अगदी तसं. मी कळा येताना त्याच्याकडेच बघत होते, दुसरं बघायला काही नव्हतं. ग्रहण बघू नये म्हणून कोंडलं आणि सबंध ग्रहण मीच पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. एकदा माझं तोंड पुसताना त्या भिंतीकडे बघत थांबल्या होत्या.

आत्यांनी पातं दिलं नाही तेव्हा सासूबाई उठून दाराबाहेर गेल्या. मग परात वाजली. तेव्हा भिंतीवरचा सूर्य अजून निम्मा होता.

मुसळ आपोआप पडलं नाही. पाडलं नसतं तर पोर नव्हती. मी पाहिलं हे त्यांना कळवू नका. त्यांना वाटतं ग्रहणात पातं लागलं त्याचं पाप त्यांच्यावर आहे आणि त्यांच्या हाताने ते पोरीला लागेल. मी सांगितलेलं त्यांना पटणार नाही, मी पोरगी. तुमचं पटेल. तुम्ही मोठ्या कचेरीत वेळा लिहिता. काहीतरी लिहा.

सगुणा


थुंबा
१२ डिसेंबर १९६५

ती. आईस,

मागच्या पत्रात तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. आनंदात राहिलं, क्षमा कर. ग्रहण केव्हा सुटलं असं तू विचारलं होतंस.

इथल्या वेळेवरून आणि नकाशावरून मी पोलादपूरचं गणित करून पाहिलं. सावली तुमच्याकडून आमच्याकडे आली, म्हणजे तुमच्याकडे आमच्याआधी सुटलं. त्यात तुम्ही डोंगरात. पंचांगात मुंबईची वेळ असते, ती खोऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही. माझ्या हिशेबाने मुसळ पडलं तेव्हा तुमच्याकडचं ग्रहण नुकतंच सुटलेलं होतं. आत्यांना सांग, त्यांचं मुसळ आमच्या घड्याळाइतकंच चोख आहे.

आमचा शाळेतला कार्यक्रम छान झाला. माझ्या पुठ्ठ्यापुढे दीडशे मुलं. भिंतीवर सूर्य उष्टा झालेला दिसला तसा एकच गलका. एक कोळ्याची मुलगी पुढे आली आणि भिंतीवरच्या सूर्याला हात लावून पाहू लागली, गरम आहे का म्हणून. मग सगळ्यांनी लावून पाहिला. हेडमास्तरांना शिस्त राखता येईना, तेव्हा त्यांनी स्वतःही लावला. मला त्या वेळी माहीत नव्हतं की त्याच सुमारास मी बाप झालो.

नाव तूच ठेव. तुझ्या हातांनी ती वाचली, असं सगुणाने... म्हणजे तुझ्या हातचं सगळं तिला आधी मिळावं, एवढंच.

मार्चमध्ये रजा मिळेल. आल्यावर तुझ्या मांडीवर बसलेली तिला मला पाहायची आहे.

सयाजी


पोलादपूर
१९ डिसेंबर १९६५

चि. सयाजी,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. तीन वेळा वाचलं, मग देवघराच्या उंबऱ्याशी बसून चौथ्यांदा.

तू माझ्याच पोटचा, तेव्हा तुझं खोटं मला कळणार नाही असं तुला कसं वाटलं? लहानपणीही खोटं बोलताना तू कारणं जास्त द्यायचास. एक पुरलं असतं, तू तीन दिलीस: सावली, डोंगर आणि मुंबई. आणि सगुणाचं वाक्य अर्धवट सोडलंस, ते खोडायचं तरी होतंस. ती पत्र लिहीत होती तेव्हा मी नदीवर गेलेच नव्हते. साबण विसरला म्हणून दारातून परतले, तर ती पाटीवर कागद ठेवून लिहीत होती आणि डोळे पुसत होती. मी तशीच मागे फिरले आणि बिनसाबणाचं धुणं धुतलं. तिला बोलू नकोस. ती बोलली नसती तर मी अजून तशीच असते.

मला वेळ माहीत होती. पंचांग मला वाचता येतं, आणि भिंत मलाही दिसत होती. सगुणाचं तोंड पुसताना पाहिलं, कोर खाल्लेल्या भाकरीसारखा उजेड. तू लिहिलं होतंस तसाच, म्हणून मी ओळखला. मनात म्हटलं, अजून पुष्कळ बाकी आहे, आणि पोरीजवळ तेवढं नाही. मग मी बाहेर गेले. माझे दोन्ही हात रक्ताने भरलेले. त्या हातांनी परातीला शिवता येईना. म्हणून डाव्या पायाने लोटलं. ज्या मुसळाला आम्ही लग्नात हळदकुंकू लावतो, त्याला पाय.

तुला विचारलं ते वेळेसाठी नव्हतं. तू काय म्हणशील ते पाहायचं होतं. ग्रहणबिहण काही नसतं, असं तू लिहिलं असतंस तर मला पटलं नसतं. सुटलं नव्हतं, असं लिहिलं असतंस तर ते मला माहीतच होतं. तू तिसरंच लिहिलंस. आयुष्यभर बिनचूक वेळा लिहायच्या हे तुझं काम, आणि तू आईसाठी एक चुकवून लिहिलीस. माझ्या मनात आलं, पोरगा एवढं अंगावर घेतो, तर मी घेतलेलं त्याहून मोठं नसावं. देवाला काय वाटलं ते त्यानेच ठरवावं. मी उठले, हातपाय धुतले, दिवा लावला आणि पाळण्यातून पोरीला घेतलं. जड झाली आहे. घेतल्या घेतल्या माझ्या लुगड्यावर केलंन.

आत्या बघत होत्या. म्हणाल्या, "घेतलीस एकदाची." मग माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "म्या साठ वर्सं मुसळ उभं करत्ये. ते परातीच्या मधी पडतं गो. यंदा भायेर पडलं." मी पोरीचं दुपटं सारखं केलं. त्या म्हणाल्या, "पानी किती उडालं माझ्या लुगड्यावर." एवढंच. मग मूल मागून घेतलं आणि त्याच्या कानाला आपला कान लावून बसल्या.

नाव सावित्री ठरवलं, बारशाला ठेवू. नदीचं आहे, तेव्हा आत्यांनाही चाललं.

एकभुक्त संक्रांतीपर्यंत चालू राहील, त्यावर वाद घालू नकोस. ते पाय लावल्याबद्दल आहे. पाडल्याबद्दल नाही.

झरोक्याची फळी काढली. दादा जाळायला नेत होते, ती मी मागून घेतली. मोठी झाली की सावित्रीला भिंतीवरचा सूर्य दाखवता येईल, पुठ्ठ्याचा खर्च नको.

आता शेवटचं, आणि हे नीट वाच. घरी लिहिलास तो आकडा लिहिलास, माझ्याकडे राहील. पण तिथल्या कामात कुणाच्याही मायेने असा एकही आकडा घालू नकोस. तुमचा अग्निबाण वर जातो तेव्हा खाली वाळूत कुणाची तरी पोरं उभी असतात.

आई